आठ वर्षं कुणी घालवली? दुसऱ्या संधीच्या कादंबऱ्या वाचायची एक रीत

प्रेम, घरच्यांशी बांधिलकी आणि हुकलेली संधी पुन्हा दारात येणं, या तिन्हींवर उभ्या असलेल्या कादंबऱ्या भराभर वाचून होतात आणि तितक्याच भराभर विसरल्या जातात. याचं कारण आपण त्या एकाच प्रश्नासाठी वाचतो: शेवटी जमतं की नाही? उत्तर मिळालं की पुस्तक मिटलं. पंधरा दिवसांनी नायिकेच्या धाकट्या बहिणीचं नाव कुणी विचारलं तर आठवत नाही. आणि बरेचदा अर्धं कथानक त्या धाकट्या बहिणीच्या घरातच शिजलेलं असतं.

माझं म्हणणं असं की या कादंबऱ्या आधी हिशोबानं वाचाव्यात, मग हळवं व्हावं. कुणाची किती वर्षं गेली, कुणामुळे गेली, त्या काळात झळ कुणाला बसली, हे कागदावर मांडलं की डोळ्यांत पाणी यायचं थांबत नाही. ते योग्य जागी येतं, एवढंच.

ही रीत दाखवायला मी मुख्यतः एकच कादंबरी घेतो आहे, जेन ऑस्टिनची ‘पर्सुएशन’. अधूनमधून दोन मराठी आणि एक लॅटिन अमेरिकन कादंबरी येईल. या सगळ्यांचे शेवट पुढे उघड होणार आहेत. ज्यांना ते चालत नाही त्यांनी दुसरी पायरी वाचून थांबावं, कादंबरी संपवावी आणि मग परत यावं.

पहिली पायरी: तुटणं आधीच झालेलं पुस्तक निवडा

प्रेमकथा दोन तऱ्हांच्या. एकीत भेट, ओढ, अडथळा, लग्न असा सरळ रस्ता असतो. दुसरीत पहिल्या पानाच्या कितीतरी आधी सगळं मोडून गेलेलं असतं आणि कादंबरी सुरू होते ती त्या मोडलेल्या घरात. आपल्याला ही दुसरी हवी. पाठीवरचं निवेदन वाचताना ‘अनेक वर्षांनी’, ‘पुन्हा समोर’ असले शब्द दिसतात का ते बघा. पण तेवढ्यावर विसंबू नका, पहिली तीस-चाळीस पानं उभ्या उभ्या चाळा. तेवढ्यात जर आई-वडील, भावंडं, घराचं भाडं, कर्ज, मुलं यांपैकी काहीच आलं नसेल, नुसतीच दोघांची नजरानजर चालू असेल, तर ते पुस्तक या कामाचं नाही. प्रवासात वाचायला ठेवा.

‘पर्सुएशन’ या निकषावर पुरेपूर उतरते. २४ प्रकरणांची आटोपशीर कादंबरी. ऑस्टिननं ती १८१५च्या ऑगस्टमध्ये लिहायला घेतली आणि वर्षभरात पुरी केली. छापलेली मात्र तिला पाहता आली नाही. जुलै १८१७मध्ये ती गेली आणि पुस्तक त्याच डिसेंबरात, मुखपृष्ठावर १८१८ साल घालून, बाजारात आलं. स्वामित्वहक्क केव्हाच संपल्यामुळे इंग्रजी मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो आणि ऐकायचीच सवय असेल तर लिब्रीवॉक्सवर आवाजातही आहे. एक सूचना आत्ताच. मूळ कादंबरी दोन खंडांत निघाली होती, बारा-बारा प्रकरणांचे. काही आवृत्त्यांत दुसऱ्या खंडात प्रकरणांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. मी पुढे सलग आकडे दिले आहेत, म्हणजे तेविसावं प्रकरण काही आवृत्त्यांत दुसऱ्या खंडातलं अकरावं असेल.

दुसरी पायरी: वाचण्याआधी एक कोरं पान

वहीचं एक पान घ्या, मोबाइल नको. त्यावर चार मथळे लिहा: वर्षं, पैसे, छप्पर, होकार.

‘वर्षं’खाली प्रत्येक पात्राचं वय आणि घटनेचं साल. ‘पैसे’खाली कुणाकडे किती आणि ते कुठून आले. ‘छप्पर’ म्हणजे कोण कुणाच्या घरात राहतं, कुणाला कधीही ‘निघ’ म्हणता येईल. ‘होकार’ म्हणजे लग्नाचा, नोकरीचा किंवा प्रवासाचा निर्णय प्रत्यक्षात कोण देतं. पहिली चार प्रकरणं संपेपर्यंत हे पान बऱ्यापैकी भरलं पाहिजे. भरत नसेल तर एकतर लेखकानं कच्चं काम केलंय किंवा आपण वाक्यं गाळतोय.

ऑस्टिन याबाबतीत वाचकावर भलतीच मेहेरबान आहे. कादंबरी उघडते तीच सर वॉल्टर एलियट आपल्या आवडत्या पुस्तकात, सरदार घराण्यांच्या यादीत, स्वतःचं पान वाचताहेत तिथे. त्या पानावर साऱ्या घराच्या जन्मतारखा आहेत. थोरली एलिझाबेथ १ जून १७८५, मधली अ‍ॅन ९ ऑगस्ट १७८७, धाकटी मेरी २० नोव्हेंबर १७९१, आणि मध्ये १७८९चा एक मृत जन्मलेला मुलगा. हे पान वाचताना हसू येतं, कारण बापाला स्वतःच्या नावापलीकडे काही दिसत नाही. पण आपलं काम होतं. मुलगा नाही, म्हणजे वाडा आणि सरदारकी दुसऱ्या शाखेतल्या चुलतभावाकडे जाणार. तीन मुलींना छप्पर कायमचं नाही. पहिल्याच दोन पानांत ‘वर्षं’ आणि ‘छप्पर’ भरून निघालं.

चौथ्या प्रकरणात बाकीचं येतं. १८०६चा उन्हाळा. फ्रेडरिक वेंटवर्थ हा आरमारातला तरुण अधिकारी, हुशार, आत्मविश्वासानं भरलेला, खिसा रिकामा. अ‍ॅन एकोणीस वर्षांची. लग्न ठरतं. बाप नाक मुरडतो. आई अ‍ॅन चौदा वर्षांची असतानाच गेलेली. तिच्या जागी असलेली लेडी रसेल, आईची जुनी मैत्रीण, समजावते की हे लग्न अविचाराचं आहे, त्याच्याही भल्याचं नाही. अ‍ॅन मोडते. कथा सुरू होते तेव्हा १८१४ साल उजाडलंय, अ‍ॅन सत्तावीस वर्षांची आहे आणि वेंटवर्थजवळ पंचवीस हजार पौंड आहेत. युद्धात शत्रूचं जहाज पकडलं की त्याच्या किमतीतला वाटा कप्तानाला मिळायचा, तो हा पैसा.

तिसरी पायरी: पहिलं वाचन सलग, खुणा फक्त गप्प बसण्याच्या

पहिल्या फेरीत चांगल्या वाक्यांखाली रेघा मारू नका. सुंदर वाक्यं कुठे पळून जात नाहीत. पेन्सिलीनं समासात फक्त एक टिंब द्यायचं, जिथे कुणाला तरी बोलायचं आहे आणि ते बोलत नाहीत तिथे. या जातीच्या कादंबऱ्यांत सगळा माल तिथे असतो. प्रेम कबूल करणारी पात्रं सोपी, घरातल्या पाचजणांसमोर गप्प बसणारी अवघड.

नववं प्रकरण हा याचा उत्तम नमुना, आणि तो सावकाश वाचावा असा आहे. अ‍ॅन बहिणीकडे, मेरीकडे, राहायला आलेली आहे. मेरीचा थोरला मुलगा पडून गळ्याजवळचं हाड दुखावून निजलेला. अ‍ॅन त्याच्यापाशी गुडघे टेकून बसली आहे. खोलीत वेंटवर्थ आहे, ज्याच्याशी आठ वर्षांत धड एक वाक्य बोलणं झालेलं नाही. आणखी एक तरुण पाहुणा वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसलाय. तेवढ्यात मेरीचा दोन वर्षांचा धाकटा अ‍ॅनच्या पाठीवर चढतो, मानेला मिठी मारून लोंबकळतो. ती रागावते, विनवते, ढकलते. तो हटत नाही. पाहुणा बसल्या जागेवरून मुलाला दटावतो, उठत मात्र नाही. आणि अचानक पाठीवरचं ओझं जातं. कुणीतरी त्या पोराचे घट्ट धरलेले हात मानेवरून सोडवून त्याला उचललेलं आहे. अ‍ॅनला ते वेंटवर्थ आहे हे कळेपर्यंत तो मुलाला घेऊन बाजूला झालेला असतो. तिच्या तोंडून आभाराचा शब्द फुटत नाही, आणि तोही मुलाशी मुद्दाम गलका करत राहतो, म्हणजे तिला आभार मानायची संधीच मिळू नये.

इथे किती टिंबं पडतील? माझ्या प्रतीत समास काळा झालाय. एक संवाद नाही, स्पर्शही पोराच्या हातांना. पण ‘घर’ या गोष्टीचं जे रोजचं वजन अ‍ॅन वाहते आहे ते शब्दशः तिच्या मानेवर बसलंय, आणि पोराची आई तिथे नाही. हे जिला दिसलं तिला पुढची पंधरा प्रकरणं वेगळी दिसतात.

वेग किती ठेवायचा? या कादंबरीला दिवसाला दोन प्रकरणं पुष्कळ झाली. एका बैठकीत संपवायचा हट्ट धरला की टिंबं सुटतात.

चौथी पायरी: घरच्यांना एकाच पोत्यात भरू नका

‘घरच्यांनी मोडलं’ हे वाक्य आपल्याकडे इतकं सर्रास वापरलं जातं की वाचतानाही आपण सगळ्या नातेवाइकांना एकत्र दोषी धरतो. पण बांधिलकीचे प्रकार असतात आणि ते वेगळे काढल्याशिवाय या कादंबऱ्यांची मजा निम्मीच राहते. पहिलं वाचन झालं की पुन्हा वही उघडा आणि घरातल्या प्रत्येक माणसापुढे लिहा: नायिकेवर किंवा नायकावर याचा जोर नेमका कशाचा आहे? हुकमाचा, उपकाराचा, मायेचा की नुसत्या सवयीचा?

सर वॉल्टर यांच्याकडे हुकूम आहे, पण अ‍ॅन त्यांच्या हुकमानं मोडत नाही. हे नीट बघा. बापाचा विरोध तिनं सोसला असता असं ऑस्टिन जवळजवळ सांगूनच टाकते. तिला मोडलं ते लेडी रसेलच्या मायेनं. जिनं आईनंतर सांभाळलं ती बाई डोळ्यांत काळजी घेऊन ‘हे त्याच्याही हिताचं नाही’ म्हणते, तेव्हा एकोणीस वर्षांची मुलगी काय बोलणार? शत्रूला नकार देता येतो. आपल्यावर खरोखर जीव असलेल्याला देता येत नाही. म्हणून लेडी रसेल खलनायिका नाही, आणि तिला खलनायिका करून वाचलं तर कादंबरी हातची गेली.

मेरीचा जोर सवयीचा. अ‍ॅन येईल, मुलं बघेल, आजारपण काढेल, हे गृहीतच. घरात अविवाहित राहिलेली आत्या किंवा मावशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मेरी ओळखीची वाटेल. मला ती पूर्ण कादंबरीतली सर्वांत खरी वाटते, सर वॉल्टरपेक्षाही.

हाच प्रश्न मराठीत लावून बघायचा असेल तर हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ घ्या. १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात ती क्रमशः आली आणि १८९३मध्ये पुस्तकरूपानं. यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. नवऱ्याबरोबर मुंबईला बिऱ्हाड करते तेवढा काळ तिचं जग उघडतं. वाचणं, बोलणं, सुधारक घरांशी ओळखी. नवरा जातो आणि तिला सासरच्या घरात परत यावं लागतं, जिथे शंकरमामंजींच्या हुकमापुढे कुणाचं चालत नाही. तिचं केशवपन होतं. इथे जोर मायेचा नाही, हुकमाचा आणि छपराचा आहे. म्हणून ‘पर्सुएशन’ वाचताना आपण चुटपुटतो आणि यमूची कहाणी वाचताना संतापतो. दोन्ही पुस्तकांत ‘घरच्यांचं ऐकलं’ असंच म्हणता येईल, पण पानावर ‘छप्पर’चा रकाना भरला असेल तर फरक लगेच समोर येतो. अ‍ॅनला नकार दिल्यावरही बापाचा केलिंचचा वाडा आहे. यमूला दुसरं दार नाही.

आपट्यांची भाषा पहिली पन्नासेक पानं जड जाते. मोठ्यानं वाचा. यमू बोलते आहे, लिहीत नाही, आणि कानानं ऐकलं की अडखळणं थांबतं.

पाचवी पायरी: गेलेल्या वर्षांची वाटणी करा

या लेखात एकच पायरी लक्षात ठेवायची म्हटली तर ही.

मोडल्यापासून पुन्हा भेटेपर्यंत किती वर्षं गेली ते लिहा. मग त्या वर्षांचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यापुढे नाव लिहा: हा कुणामुळे गेला? बहुतेक वाचक सगळी वर्षं एकाच नावावर टाकतात, आणि चांगला लेखक तिथेच आपल्याला चकवून ठेवतो.

‘पर्सुएशन’मध्ये उत्तर तेविसाव्या प्रकरणात, सगळं जमल्यावर येतं, म्हणून घाईत निसटतं. बाथ शहरात अ‍ॅनच्या बापाच्या घरी संध्याकाळची मेजवानी आहे, आणि फुलझाडं बघण्याच्या मिषानं दोघं बोलताहेत. अ‍ॅन म्हणते की लेडी रसेलचं ऐकण्यात माझं चुकलं नाही. सल्ला बरोबर होता असं ती म्हणत नाही. तसा सल्ला मी स्वतः कधीच देणार नाही असंही सांगते. पण आईच्या जागी असलेल्या बाईचं ऐकणं हे तिला आजही योग्य वाटतं. यावर वेंटवर्थ विचारतो: १८०८मध्ये मी थोडे हजार पौंड घेऊन परतलो, जहाजाची कप्तानी मिळाली, तेव्हा पत्र लिहिलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस? ती म्हणते, दिलं असतं का म्हणून काय विचारतोस! आणि मग तो कबूल करतो की लिहावंसं वाटत होतं, पण मानी स्वभाव आडवा आला. सहा वर्षांचं दुःख वाचलं असतं, असं त्याच्याच तोंडून येतं.

आता वाटणी करा. १८०६ ते १८०८, दोन वर्षं, लेडी रसेलच्या नावावर. १८०८ ते १८१४, सहा वर्षं, वेंटवर्थच्या स्वतःच्या. ज्या कादंबरीला सगळं जग ‘दुसऱ्यांचं ऐकून प्रेम गमावलेल्या मुलीची गोष्ट’ म्हणतं, तिच्यातली तीन चतुर्थांश वर्षं दुखावलेल्या पुरुषाच्या ताठ्यानं खाल्ली आहेत.

हे कळल्यावर मागे जाऊन दहावं प्रकरण पुन्हा वाचा. शेतांतून फिरायला गेलेली मंडळी. कुंपणाच्या आडून अ‍ॅनला ऐकू येतं की वेंटवर्थ मेरीच्या नणंदेला, लुईझा मस्ग्रोव्हला, एक हेझलनट दाखवून ठामपणावर प्रवचन देतोय: हे बघ, बाकीची पडली, पायदळी गेली, हे टणक म्हणून टिकलं. पहिल्या वाचनात हे अ‍ॅनला मारलेले टोमणे वाटतात. दुसऱ्या वाचनात हसू येतं. ज्यानं सहा वर्षं एक पत्र लिहायचं धाडस केलं नाही तो ठामपणा शिकवतोय! दोन प्रकरणांनंतर लाइम गावी समुद्राच्या धक्क्यावर लुईझा त्याच ठामपणानं, नको नको म्हणत असताना पायऱ्यांवरून उडी मारते आणि डोक्यावर आपटते. सगळे सैरभैर. काय करायचं ते सांगणारी एकटी अ‍ॅन, जी म्हणे दुसऱ्यांच्या सांगण्यानं वाकते. ऑस्टिन असं काही ओरडून सांगत नाही. वर्षांची वाटणी केलेल्यालाच ते ऐकू येतं.

सहावी पायरी: दुसरी संधी खरी आहे का, ते तपासा

तीच माणसं पुन्हा भेटली म्हणजे दुसरी संधी होत नाही. मधल्या काळात काहीतरी बदललेलं असावं लागतं, नाहीतर तेच पुन्हा मोडेल. वहीत लिहा: माणूस बदलला, पैसा आला, घरच्यांची पकड सैल झाली, की काळ आणि कायदा बदलला?

कायद्याचं सर्वांत ठळक मराठी उदाहरण म्हणजे बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ची, जिला आपण पहिली मराठी कादंबरी मानतो. विधवांच्या पुनर्विवाहाला परवानगी देणारा कायदा आदल्याच वर्षी, १८५६मध्ये झालेला. यमुना नवऱ्याबरोबर फिरताना विधवांचे हाल बघते, मग स्वतःच विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. कथा म्हणून ती प्रचारकी आहे, हे मान्य करूनच वाचावी. पण तिच्यात दुसऱ्या संधीची किंमत उघडपणे लिहिलेली आहे: लग्न मिळतं, पण समाज बदलून. कायदा कागदावर आला तरी घरांची दारं उघडायला किती काळ लागतो ते कादंबरीबाहेरही दिसतं. आपट्यांचं पुस्तक आलं त्याच १८९३ सालात धोंडो केशव कर्व्यांनी शारदासदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तर त्यांच्या मुरूड गावानं त्यांना वाळीत टाकलं. पुढे गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाईंनी, ‘माझे पुराण’ या नावानं आत्मचरित्र लिहिलं. कादंबरी नाही, पण या यादीत मी ते आवर्जून घालीन.

‘पर्सुएशन’मध्ये पैसा आलाय, आणि तो युद्धानं आणलाय. घरची पकडही सैल झाली आहे, आणि कशी ते बघण्यासारखं आहे. सर वॉल्टर दिखाऊपणापायी कर्जात बुडतात, वाडा भाड्यानं द्यावा लागतो, भाडेकरू म्हणून आरमारातला अ‍ॅडमिरल येतो, आणि त्याची बायको निघते वेंटवर्थची बहीण. ज्या बडेजावानं दोघांना तोडलं त्याच बडेजावाच्या उधारीनं ती पुन्हा समोरासमोर येतात. काळाची एक तलवारही डोक्यावर आहे. १८१४मध्ये नेपोलियन एल्बा बेटावर, युद्ध थांबलेलं, म्हणून आरमारातली माणसं किनाऱ्यावर. कथा १८१५च्या सुरुवातीला संपते, आणि मार्चमध्ये नेपोलियन परत फ्रान्सात उतरला. पुस्तक वाचणाऱ्या पहिल्या वाचकांना हे ठाऊक होतं. अखेरच्या परिच्छेदात पुढच्या युद्धाची धास्ती आहे ती उगीच नाही.

आता उलटं उदाहरण. गाब्रिएल गार्सिया मार्केसची ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’, मूळ स्पॅनिश १९८५ची. डॉक्टर हुवेनाल उर्बिनो आंब्याच्या झाडावरचा पोपट पकडायला शिडीवर चढतो, पडतो, मरतो. त्याच्या विधवेपुढे, फेर्मिनापुढे, फ्लोरेंतिनो अरिसा पुन्हा प्रेम व्यक्त करतो. एक्कावन्न वर्षं, नऊ महिने, चार दिवस वाट पाहून! वाचक विरघळतो. विरघळायला हरकत नाही, पण वही काढा. या वाट पाहण्यात त्यानं ६२२ संबंधांची नोंद ठेवली आहे. त्याहून वाईट म्हणजे म्हातारपणी त्याच्याकडे पालक म्हणून सोपवलेली चौदा वर्षांची अमेरिका विकुन्या. तो तिला जवळ करतो, फेर्मिना मोकळी झाल्यावर दूर सारतो, आणि ती मुलगी आत्महत्या करते. नायकाच्या दुसऱ्या संधीचं बिल त्या पोरीनं भरलं. ‘अमर प्रेमाची गाथा’ म्हणून शिफारस करणारे हे नाव बहुधा घेत नाहीत. मार्केसनं मात्र ते लिहून ठेवलंय, गाळलेलं नाही, आणि म्हणूनच मी ही कादंबरी मोठी मानतो.

तिथे घरच्यांचा विरोधही उलट दिशेनं येतो. आईनं या वयात कुणाला घरी बोलवावं हे मुलीला किळसवाणं वाटतं, आणि आई तिला घराबाहेर काढते. आई-वडिलांनी उतारवयात जोडीदार शोधला की मुलं काय बोलतात हे ज्यांनी आसपास ऐकलंय त्यांनी तो भाग दोनदा वाचावा.

सातवी पायरी: शेवट दोनदा वाचा, जमलं तर दोन्ही शेवट

‘पर्सुएशन’च्या वाचकाला एक दुर्मीळ सोय आहे. ऑस्टिननं जुलै १८१६मध्ये एक शेवट लिहून संपवला होता. तो तिला पटला नाही, आणि तिनं पुढच्या काही आठवड्यांत तो काढून नवा लिहिला. रद्द केलेली ती हस्तलिखित प्रकरणं ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि अनेक आवृत्त्यांत शेवटी जोडलेली असतात. पुस्तक घेताना ती आहेत ना ते बघून घ्या.

पहिल्या शेवटात अ‍ॅडमिरल वेंटवर्थला एक अवघड काम सांगतो: अ‍ॅन चुलतभावाशी लग्न करून वाड्यात परतणार आहे का, ते तिलाच विचार. खोलीत दोघं, ती नाही म्हणते, आणि जमतं. म्हणजे तिसऱ्यानं दोघांना खोलीत कोंडलं म्हणून जमतं.

नव्या शेवटात खानावळीच्या दिवाणखान्यात अ‍ॅन वेंटवर्थच्या मित्राशी, कॅप्टन हार्विलशी, वाद घालतेय की आशा संपल्यावरही जास्त काळ प्रेम कोण करतं, बाई की पुरुष. पलीकडच्या टेबलावर वेंटवर्थ दुसऱ्याच कुणासाठी पत्र लिहितोय. त्याच्या हातून टाक खाली पडतो. तो ऐकतोय. अ‍ॅन बोलत राहते, आणि तो त्याच कागदांच्या ढिगात तिच्यासाठी पत्र लिहून ठेवून जातो. आठ वर्षांपूर्वी ती दुसऱ्याचं ऐकून गप्प बसली होती, तो न लिहून. आता ती चारचौघांत बोलते आणि तो लिहितो. ज्या दोन गोष्टींनी वर्षं घालवली त्याच दोन गोष्टी दोघांनी स्वतः दुरुस्त केल्या. दोन्ही शेवट लागोपाठ वाचले की सहाव्या पायरीतला ‘माणूस बदलला का’ हा प्रश्न आपोआप सुटतो.

इतर कादंबऱ्यांना दुसरा शेवट नसतो. तिथे शेवटची दहा पानं वाचून लगेच पहिली दहा वाचा. सुरुवातीला विनोदी वाटलेलं बरंच काही तेवढं विनोदी राहत नाही.

आठवी पायरी: चारचौघांत

वाचनगट, भिशी, कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, काहीही चालेल, पाच-सहा माणसं असली की झालं. परदेशातल्या मंडळींना मराठी ग्रंथालयाचा आधार सहसा नसतो, पण महिन्यातून एक रविवार व्हिडिओ कॉलवर हे छान जमतं. दोन पिढ्या एकत्र असतील तर उत्तम. लेडी रसेलबद्दल सासू आणि सून एकाच बाजूला सहसा नसतात.

‘आवडली का?’ हा प्रश्न विचारू नका, त्यावर गप्पा संपतात. प्रत्येकानं आपली वर्षांची वाटणी घेऊन यावी आणि फक्त ती वाचून दाखवावी. मी वेंटवर्थच्या नावावर सहा वर्षं टाकली. कुणी म्हणेल, पत्र लिहायला अ‍ॅनलाही कुणी अडवलं नव्हतं. मग दुसरी कुणी आठवण करून देईल की मोडल्यावर बाईनं पहिलं पत्र पाठवणं त्या काळात शक्य होतं का. कुणाला आठवेल की बावीसाव्या वर्षी अ‍ॅननं चार्ल्स मस्ग्रोव्हलाही नकार दिला होता, आणि त्यानं मग मेरीशी लग्न केलं. म्हणजे एव्हाना तिला स्वतःहून नाही म्हणता येत होतं. दोन तास कसे जातात कळत नाही. स्वतःच्या घरातली प्रकरणं यात निघणारच. ज्यांची आहेत त्यांनी काढली तर ऐकावं, दुसऱ्यानं काढू नयेत, एवढा नियम आधी ठरवून घ्या.

क्रम विचाराल तर ‘पर्सुएशन’ आधी, कारण वहीचं पान भरायची सवय तिथे सहज लागते. मग ‘पण लक्षात कोण घेतो’, त्याला पाठोपाठ ‘माझे पुराण’. मार्केस सर्वांत शेवटी, आणि त्याला महिना द्या. ‘यमुनापर्यटन’ लहान आहे, मध्ये कुठेही बसते. मराठी पुस्तकं दुकानात सापडली नाहीत तर जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारा. नसली तर मागणीची नोंद करून या, आणि जुनी प्रत मिळाली की समासात पेन्सिलच वापरा, पेन नको.